समीक्षकांनी उचलून धरलेला, बाजाराने विसरलेला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’

गाजलेल्या चित्रपटावर किंवा दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेला व्हिडिओ गेम म्हणजे नावाच्या जोरावर खपवलेला दुय्यम माल, ही समजूत या व्यवसायाइतकीच जुनी आहे आणि ती निराधारही नाही. १९८२ मध्ये ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा गेम अटारी कंपनीने नाताळच्या विक्रीसाठी अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तयार करवून घेतला. न खपलेल्या मालाचा काही भाग पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरावा लागला आणि २०१४ मध्ये उत्खनन करून तो बाहेर काढण्यात आला. तेव्हापासून परवान्यावर बनवलेल्या गेमकडे समीक्षक काहीशा संशयानेच पाहत आले. हा संशय खोटा ठरवणारी जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत ‘अ‍ॅस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर’ या जपानी गेमचे नाव आवर्जून घ्यावे लागते.

निन्टेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी सेगा कंपनीने हा गेम १८ डिसेंबर २००३ रोजी जपानमध्ये, ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेत आणि फेब्रुवारी २००५ मध्ये युरोपात प्रकाशित केला. पाश्चात्त्य समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकलकाकडे त्याला शंभरपैकी ८५ गुण मिळाले. त्या यंत्रावरील सर्वोत्तम गेमच्या याद्यांमध्ये त्याचे नाव पुढील दोन दशके येत राहिले. एवढे असूनही आज हा गेम कोणाला विकत घ्यायचा झाल्यास अधिकृत मार्गाने तो मिळत नाही. उत्तम म्हणून नावाजलेली कृती दुकानातून नाहीशी होते, तेव्हा समीक्षेचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न या प्रकरणातून उभा राहतो. त्याचा विचार करण्यापूर्वी समीक्षकांनी या गेमचे कौतुक का केले आणि त्यांना काय खटकले, हे पाहणे आवश्यक आहे.

पन्नास वर्षांचा नायक

अ‍ॅस्ट्रो बॉय, म्हणजेच जपानी वाचकांचा ‘तेत्सुवान अ‍ॅटम’, हा ओसामु तेझुका यांचा मानसपुत्र. १९२८ मध्ये जन्मलेल्या आणि १९८९ मध्ये निधन पावलेल्या तेझुका यांना आधुनिक जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, प्रवर्तक मानले जाते. अ‍ॅटमची चित्रकथा १९५२ ते १९६८ या काळात प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १९६३ रोजी तिच्यावरील कृष्णधवल मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि साप्ताहिक अ‍ॅनिमे मालिकांचा साचा तिने घालून दिला. १९८० मध्ये ती रंगीत रूपात पुन्हा निर्माण करण्यात आली.

कथेनुसार अ‍ॅटमचा जन्म ७ एप्रिल २००३ रोजी होतो. पन्नाशीच्या दशकातील वाचकांना दूरचे वाटणारे हे भविष्य प्रत्यक्षात उजाडले, तेव्हा जपानमध्ये त्याचा उत्सवच झाला. एप्रिल २००३ मध्ये तिसरी मालिका सुरू झाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नाओकी उरासावा यांनी अ‍ॅटमच्या एका जुन्या कथेची ‘प्लुटो’ ही प्रौढ पुनर्मांडणी लिहावयास घेतली. सेगाने याच वातावरणात अ‍ॅटमवरील गेमचा परवाना मिळवला. स्वतःची यंत्रे बनवण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा सेगाने जानेवारी २००१ मध्ये केली होती. एकेकाळचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या निन्टेंडोच्या यंत्रासाठी गेम काढण्याची वेळ तिच्यावर त्यामुळेच आली. एका अर्थी हा गेम एका पराभवाचे अपत्य होता.

एक परवाना, दोन निकाल

सेगाने या परवान्यावर एक नव्हे, दोन गेम तयार करवले. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या प्लेस्टेशन २ साठीचा गेम ‘सोनिक’फेम सोनिक टीमकडे देण्यात आला. तो २००३ च्या मालिकेवर आधारलेला आणि त्रिमितीय होता. हातातल्या यंत्रासाठीचा ‘ओमेगा फॅक्टर’ ट्रेझर या छोट्या कंपनीने सेगाच्याच हिटमेकर या विभागाबरोबर बनवला. अमेरिकेत दोन्ही गेम एकाच महिन्यात बाजारात आले. प्रकाशक, नायक आणि महिना एकच असल्याने समीक्षकांना तुलनेची आयती संधी मिळाली.

निकाल अनेकांच्या अपेक्षेच्या उलट लागला. प्लेस्टेशनवरील गेमची दृश्ये देखणी असल्याचे मान्य झाले. पण दृष्टिकोन सांभाळणारा कॅमेरा ऐन लढाईत दगा देतो, खेळ लवकर आटोपतो आणि एका लढाईनंतर दुसरी लढाई यापलीकडे त्यात फारसे काही घडत नाही, असे आक्षेप घेण्यात आले. प्रतिसाद एकूण कोमटच राहिला. दुसरीकडे, २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा आणि सुमारे १६.७८ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर एवढ्याच भांडवलावरच्या द्विमितीय गेमने बाजी मारली. तंत्राचे बळ आणि कृतीची गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाक्य गुळगुळीत झालेले असले तरी एवढा स्वच्छ पुरावा त्याला क्वचितच मिळतो.

यात ट्रेझरचा वाटा मोठा होता. १९९२ मध्ये कोनामी कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी ही कंपनी स्थापन केली. ‘गनस्टार हिरोज’ (१९९३), ‘रेडियंट सिल्व्हरगन’ (१९९८) आणि ‘इकारुगा’ (२००१) या गेममुळे मोजक्या पण निष्ठावंत खेळाडूंत तिचा दबदबा निर्माण झाला होता. पडद्यावर शत्रूंची दाटी, एकाहून एक चमत्कारिक महाशत्रू आणि बोटांच्या चपळाईची कठोर परीक्षा ही तिची ओळख. ‘यु यु हाकुशो’ या अ‍ॅनिमेवरील गेम तिने १९९४ मध्येच केला होता. परवान्यावरचे काम तिला नवे नव्हते. हिटमेकरच्या बाजूने धुरा सांभाळणारे तेझ ओकानो हे सेगाच्याच कारभारावर विनोद करणाऱ्या ‘सेगागागा’ या गेममुळे ओळखले जात. कसबी कारागीर आणि विषयाची मनापासून आवड असलेला सूत्रधार यांचा हा संयोग होता.

समीक्षकांना काय भावले?

पहिले कौतुक झाले ते हाताळणीचे. अ‍ॅटमचे ठोसे, बोटातून निघणारा किरण, कमरेखालून बाहेर येणाऱ्या मशिनगन आणि पायांतील जेट ही सारी मूळ चित्रकथेतील आयुधे आहेत. गेममध्ये ती प्रत्येकी एका बटणाच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा आहे. ठोसा बसलेला शत्रू मागे उडतो आणि मागच्या शत्रूंवर आदळतो, त्यामुळे गर्दीतली मारामारीही विचार करून करावी लागते. मधूनच पायी चाललेला खेळ आकाशात झेपावतो आणि आडव्या सरकणाऱ्या नेमबाजीचे रूप घेतो. एका छोट्या कार्ट्रिजमध्ये एवढे वैविध्य सामावल्याची नोंद अनेक समीक्षांनी घेतली.

दुसरे कौतुक झाले ते रचनेचे, आणि या गेमचे खरे वैशिष्ट्य तिथेच आहे. अशा प्रकारच्या बहुतेक गेममध्ये शत्रू मारले की गुण मिळतात आणि गुण साठले की नायकाचे बळ वाढते. इथे बळ वाढते ते ओळखीने. अ‍ॅटमला एखादे पात्र भेटले आणि त्याची गोष्ट त्याला उमगली की त्या पात्राचे चित्र एका नकाशावर उमटते. त्याबरोबर खेळाडूला एक वाढीव गुण मिळतो. जीवनशक्ती, ठोसा, किरण, गोळी, जेट आणि संवेदनक्षमता या सहा गुणांपैकी कोणता वाढवायचा, हे त्याने ठरवायचे. या नकाशालाच ‘ओमेगा फॅक्टर’ म्हटले आहे. गेमचे जपानी उपशीर्षक ‘अ‍ॅटमच्या हृदयाचे रहस्य’ असे आहे. यंत्राला मन कशामुळे येते, या तेझुका यांच्या मूळ प्रश्नाला गेमने दिलेले उत्तर त्याच्या नियमांतच आहे: जितकी माणसे समजून घ्याल, तितके तुमचे मन मोठे होईल.

मारामारीच्या खेळात एवढा साधा आणि एवढा नेमका विचार क्वचित आढळतो. परवान्यावरच्या गेममध्ये मूळ कथा बहुधा दोन लढायांच्या मधल्या चित्रफितीत कोंबलेली असते. ती वगळली तरी खेळ अडत नाही. इथे कथा वगळली तर खेळाडू दुबळाच राहतो. ‘मूळ कृतीशी प्रामाणिक’ ही पदवी समीक्षक सढळ हाताने वाटतात; या गेमच्या बाबतीत ती चेहरेपट्टीपुरती नव्हती, आशयालाही लागू पडत होती.

तिसरा मुद्दा कथानकाचा. गेमचे दोन भाग आहेत: जन्म आणि पुनर्जन्म. पहिल्या भागाच्या शेवटी अ‍ॅटम हरतो. माणूस आणि यंत्रमानव यांच्यातील वैर विनाशापर्यंत जाते आणि शेवटचे दृश्य संपले, असे वाटू लागते. तेवढ्यात अग्निपक्षी फिनिक्स त्याला पुन्हा जिवंत करतो आणि काळातून मागे-पुढे जाण्याची मुभा देतो. दुसऱ्या भागात त्याच जागी, त्याच प्रसंगांत परतून अ‍ॅटमला चुकलेले दुवे शोधावे लागतात, कोणाला वाचवायचे राहिले होते ते हेरावे लागते. लहान मुलांचा समजला जाणारा गेम एवढ्या गंभीर वळणावर जातो, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

आणि काय खटकले?

आक्षेपही होते आणि ते किरकोळ नव्हते. सर्वांत जास्त वेळा नोंदवला गेलेला दोष म्हणजे गती मंदावणे. पडद्यावर शत्रू आणि स्फोट वाढले की यंत्राची दमछाक होई आणि सारा खेळ पाण्यातून चालल्यासारखा संथ होई. ट्रेझरने यंत्राला त्याच्या कुवतीबाहेर पळवल्याचा हा परिणाम होता. काहींनी तो महत्त्वाकांक्षेची किंमत म्हणून पोटात घातला. काहींनी मात्र चपळाईवर आधारलेल्या खेळात हा दोष अक्षम्य असल्याचे बजावले. दोन्ही बाजूंना आधार आहे. जिथे क्षणार्धात निर्णय घ्यायचा असतो, तिथे वेळ ताणली गेली तर कधी खेळाडूचा फायदा होतो, तर कधी त्याचा ताल बिघडतो.

दुसरा आक्षेप पुनर्जन्माच्या भागाबद्दल होता. तीच ठिकाणे, तेच शत्रू आणि पुढे कोठे जायचे याची अस्पष्ट सूचना, यामुळे काहींना हा भाग लांबण लावल्यासारखा वाटला. ज्यांनी कथानकाचे कौतुक केले, ते याच पुनरावृत्तीला गेमचा आत्मा म्हणत होते. एकाच गोष्टीला कोणी दोष म्हणावे आणि कोणी गुण, हे समीक्षेला नवीन नाही. परंतु सरासरीचा आकडा काढताना ही असहमती पुसली जाते. एका समीक्षकाचे ९० आणि दुसऱ्याचे ८० मिळून होणारे ८५ हे दोघांचेही मत नसते.

सरासरीच्या या गणिताला त्या काळात नुकतेच महत्त्व येऊ लागले होते. मेटाक्रिटिकची सुरुवात २००१ मधली. जपानमध्ये ‘फामित्सु’ हे साप्ताहिक चार समीक्षकांचे प्रत्येकी दहापैकी गुण एकत्र करून चाळीसपैकी निकाल देत असे. ग्राहकाला झटपट निर्णय घेण्यासाठी असा आकडा उपयोगी असतो, हे नाकारता येणार नाही. मात्र, तो एकदा हाती आला की त्यामागचा युक्तिवाद वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. ‘ओमेगा फॅक्टर’ला किती गुण मिळाले हे अनेकांना सांगता येते, ते का मिळाले, हे सांगणारे त्या मानाने थोडे आहेत.

तेझुकांचा गोतावळा आणि परका वाचक

या समीक्षांकडे आज वळून पाहता एक गोष्ट विशेष जाणवते. तेझुका आपल्या पात्रांना नाटक कंपनीतल्या नटांसारखे वागवीत. एका चित्रकथेतला चेहरा दुसऱ्या चित्रकथेत वेगळ्या भूमिकेत, कधी खलनायक होऊन, तर कधी क्षणभराचा पाहुणा म्हणून हजेरी लावी. या पद्धतीला त्यांची ‘स्टार सिस्टिम’ म्हणतात. गेमकर्त्यांनी ती जशीच्या तशी उचलली. ‘थ्री-आइड वन’ या चित्रकथेतील शाराकू, परवान्याविना शस्त्रक्रिया करणारा ब्लॅक जॅक, ‘फिनिक्स’मधील अग्निपक्षी असे तेझुका यांच्या निरनिराळ्या कृतींतले लोक इथे एकाच कथेत नांदतात. एका मालिकेचा गेम म्हणून विकली गेलेली ही वस्तू प्रत्यक्षात एका लेखकाच्या समग्र कर्तृत्वाला दिलेली मानवंदना होती.

जपानी खेळाडूला ती सहज कळली असणार. अमेरिकी समीक्षकासाठी परिस्थिती वेगळी होती. अ‍ॅटमच्या चित्रकथेची इंग्रजी आवृत्ती डार्क हॉर्स या प्रकाशनाने २००२ मध्ये आणावयास सुरुवात केली. ‘फिनिक्स’ आणि ‘बुद्ध’ या मालिकांचे इंग्रजी खंडही त्याच सुमारास येऊ लागले होते. गेम आला तेव्हा ही ओळख नुकतीच होत होती. गेममधील निम्म्याअधिक पात्रांची पूर्वपीठिका ठाऊक नसतानाही समीक्षकांनी त्याला एवढे गुण दिले, याचा अर्थ खेळ म्हणून तो स्वतःच्या पायावर उभा होता. त्याचबरोबर, त्याचा अर्धा अर्थ त्या गुणांत मोजलाच गेला नव्हता, असेही म्हणावे लागते. पात्रांच्या नकाशावर एखादा चेहरा उमटतो तेव्हा जाणत्या वाचकाला जुना स्नेही भेटल्याचा आनंद होतो. अजाण खेळाडूला फक्त एक वाढीव गुण मिळतो.

भारतीय वाचकासाठी या गोतावळ्यात एक जवळचा धागा आहे. १९७२ ते १९८३ या काळात तेझुका यांनी लिहिलेली ‘बुद्ध’ ही चित्रकथा कपिलवस्तू, मगध आणि कोसलच्या भूमीत घडते. तिच्या इंग्रजी आवृत्तीला २००४ आणि २००५ अशी सलग दोन वर्षे चित्रकथांसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. जन्म, मृत्यू आणि पुन्हा जन्म हे चक्र, तसेच दुःखाचे मूळ समजून घेतल्याखेरीज त्यातून सुटका नाही, हा विचार तेझुका यांच्या लेखनात वारंवार येतो. हरलेल्या नायकाला बदला घेण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी परत पाठवणारा गेमचा उत्तरार्ध याच विचाराच्या जवळचा आहे. पुनर्जन्म ही कल्पना ज्यांना समजावून सांगावी लागत नाही, अशा वाचकांना हा भाग कंटाळवाण्या पुनरावृत्तीपेक्षा काहीतरी अधिक वाटण्याचा संभव आहे.

कौतुक आणि विक्री

एवढे सगळे असूनही ‘ओमेगा फॅक्टर’चे नाव गाजलेल्या गेमपेक्षा ‘दुर्लक्षित राहिलेल्या उत्तम’ गेमच्या यादीत अधिक दिसते. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या जगभरात ८ कोटी १० लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्यामुळे ग्राहकांचा तुटवडा नव्हता. परंतु अमेरिकेत गेम आला ऑगस्ट २००४ मध्ये आणि नोव्हेंबर २००४ मध्ये निन्टेंडोने दोन पडद्यांचे नवे डीएस यंत्र बाजारात उतरवले. साऱ्यांचे लक्ष तिकडे वळले. युरोपात तर गेम पोहोचेपर्यंत डीएसची तयारी झाली होती. त्यातच परवान्यावरच्या गेमविषयीचा जुना संशय आणि त्याच महिन्यात आलेल्या प्लेस्टेशनवरील गेमचे थंडे स्वागत. सारखेच चित्र आणि सारखेच नाव असलेल्या दोन खोक्यांपैकी चांगले कोणते, हे ओळखायला ग्राहकाने आधी समीक्षा वाचायला हवी होती.

परवान्याचा संशय पुढेही खराच ठरत राहिला. २००९ मध्ये अ‍ॅस्ट्रो बॉयवर संगणकीय चित्रपट आला आणि त्याच्या जोडीला पीएसपी, डीएस, वी आदी यंत्रांसाठी गेमही काढण्यात आला. त्याची समीक्षकांनी फारशी दखल घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. चित्रपटाच्या तारखेला बांधलेला गेम आणि लेखकाच्या विश्वाला बांधलेला गेम यांत काय अंतर असते, ते एकाच नायकाच्या दोन गेममधून दिसून आले.

आज गेम आहे कुठे?

खरा प्रश्न इथून पुढचा आहे. ‘ओमेगा फॅक्टर’चे कार्ट्रिज छापणे कधीच थांबले. नंतरच्या कोणत्याही यंत्रावर तो पुन्हा प्रकाशित झालेला नाही. ट्रेझरच्याच ‘इकारुगा’ला नंतर अनेक यंत्रांवर नवे आयुष्य मिळाले, ‘रेडियंट सिल्व्हरगन’ही २०२२ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे जुने गेम फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेंडोच्या वर्गणीदार सेवेत उपलब्ध होऊ लागले. म्हणजे कंपनीच्या जुन्या कामाला मागणी नाही किंवा तंत्र उपलब्ध नाही, असे म्हणता येत नाही. फरक आहे तो मालकीचा. ‘इकारुगा’तील विमान कोणाकडून भाड्याने आणलेले नव्हते. अ‍ॅटम मात्र तेझुका प्रॉडक्शन्सचा, प्रकाशन सेगाचे, यंत्र निन्टेंडोचे आणि कारागिरी ट्रेझरची. पुनर्प्रकाशनासाठी या साऱ्यांनी एकाच वेळी, एकाच कागदावर सह्या करायला हव्यात. मूळ परवाना देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्यात पुरेसा नफा दिसला नाही, तर गेम कितीही चांगला असो, तो कपाटातच राहतो.

ही एका गेमची कहाणी नव्हे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम अधिकृत बाजारात उपलब्ध नाहीत. गेम बॉय कुटुंबातील यंत्रांसाठीच्या गेमची उपलब्धता तर सहा टक्क्यांच्याही आत भरली. निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन विक्रीही बंद केली. ग्रंथालयांना बाजारातून गेलेले गेम अभ्यासकांसाठी दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. त्या सवलतीचा उपयोग करमणुकीसाठीच होईल, ही भीती हक्कधारकांनी व्यक्त केली होती.

हक्कधारकांची बाजू अगदीच पोकळ नाही. फुकट नक्कल सर्रास होत असेल तर पुनर्प्रकाशनात पैसे कोण गुंतवणार, हा त्यांचा सवाल आहे. पण जो गेम विकायलाच ठेवलेला नाही, त्याच्या नक्कलेने नेमके कोणाचे नुकसान होते, या प्रतिप्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. परिणामी आजच्या खेळाडूपुढे दोनच वाटा उरतात: जुन्या बाजारात वापरलेले कार्ट्रिज शोधायचे, ज्यात बनावट प्रतींचा सुळसुळाट आहे, किंवा नक्कल उतरवायची. पहिल्या वाटेने दिलेल्या पैशातील छदामही ट्रेझरला किंवा तेझुका यांच्या वारसांना मिळत नाही. दुसरी वाट कायद्याबाहेरची आहे. निर्मात्याचे हित सांभाळण्यासाठी असलेली व्यवस्था निर्मात्याला काही देत नाही आणि रसिकालाही देत नाही, अशी ही कोंडी आहे.

चित्रपटांच्या बाबतीत हे दुखणे आपल्या परिचयाचे आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) आज काही भागच उरले आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. तेव्हा ते नष्ट झाले कारण त्यांना जपण्याजोगे कोणी मानले नाही. ‘ओमेगा फॅक्टर’ची स्थिती याहून वेगळी आणि काहीशी विचित्र आहे. तो जपण्याजोगा आहे, हे समीक्षकांनी प्रकाशित होताच सांगून टाकले होते. त्याची सांकेतिक प्रतही नष्ट झालेली नाही. तरीही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने तो नसल्यात जमा आहे.

समीक्षेचे ओझे

अशा वेळी जुन्या समीक्षांची भूमिका बदलते. २००४ मध्ये त्या ग्राहकाला ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढेच सांगत होत्या. आता ‘घ्या’ या सल्ल्याला अर्थ उरलेला नाही, कारण घ्यायला काही नाही. त्याच समीक्षा आता साक्षीदाराचे काम करतात. गेम कसा खेळला जाई, कुठे अडखळे, कोणत्या वळणावर खेळाडू चकित होई, याची नोंद त्यांत आहे. ज्या समीक्षकांनी केवळ आकडा दिला, त्यांची नोंद आज निरुपयोगी आहे. ज्यांनी गती मंदावण्यापासून पात्रांच्या नकाशापर्यंत सविस्तर लिहिले, त्यांच्यामुळे निदान पुनर्प्रकाशनाची मागणी कशाच्या आधारावर करायची, हे तरी ठाऊक आहे.

मागणीला अनुकूल काळही आहे. उरासावा यांच्या ‘प्लुटो’वरील अ‍ॅनिमे मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि तेझुका यांच्या मूळ कथेकडे नव्या पिढीचे लक्ष वळले. त्याच प्लुटोशी अ‍ॅटमची गाठ ‘ओमेगा फॅक्टर’मध्येही पडते. मालिका पाहून कुतूहल जागे झालेला प्रेक्षक मूळ चित्रकथा विकत घेऊ शकतो, जुन्या मालिका शोधू शकतो. या विश्वाचा सर्वोत्तम समजला गेलेला गेम मात्र त्याला मिळत नाही. अशा प्रेक्षकाच्या खिशातील पैसा कोणालाच नको असावा, हे व्यवहाराच्या हिशेबातही बसणारे नाही.

सेगाने अलीकडच्या काळात आपले अनेक जुने गेम संग्रहरूपाने पुन्हा विकले आहेत. परक्या मालकीची पात्रे असलेले गेम अशा संग्रहांतून बहुधा वगळले जातात, कारण त्यांच्यासाठी नव्याने करार करावा लागतो. परवाना देतानाच पुनर्प्रकाशनाची तरतूद त्यात असावी आणि प्रकाशकाने ठरावीक वर्षांत गेम विक्रीस ठेवला नाही तर ग्रंथालयांना तो अभ्यासासाठी देता यावा, एवढी किमान व्यवस्था झाली तरी पुढच्या ‘ओमेगा फॅक्टर’वर ही वेळ येणार नाही. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. करारात दोन कलमे वाढवली तरी पुरे.

परवान्यावरचा गेमही अस्सल कलाकृती असू शकतो, हे वीस वर्षांपूर्वी एका छोट्या पडद्यावर सिद्ध झाले आणि समीक्षकांनी ते मान्यही केले. पण परवान्याच्या ज्या कागदाने हा गेम जन्माला घातला, तोच कागद आज त्याला अडवून बसला आहे. गेममध्ये हरलेल्या अ‍ॅटमला पुनर्जन्म मिळतो. गेमला तो मिळणार की नाही, हे ठरवणे तीन-चार कंपन्यांच्या हाती आहे आणि त्यांच्यापैकी एकीनेही अद्याप त्या दिशेने जाहीरपणे पाऊल टाकलेले नाही.